कॅरिकेचर म्हणजे नक्की काय, हा शब्द आला कुठून, आणि मराठीत त्याला व्यंगचित्र म्हणायचं की अर्कचित्र?

प्रश्न दोन आहेत. कॅरिकेचर या शब्दाचा मूळ अर्थ काय, आणि मराठीत व्यंगचित्र, अर्कचित्र असे दोन-दोन शब्द दिसतात त्यातला बरोबर कोणता. विचारणाऱ्याला कॉलेजच्या अंकात लेख लिहायचाय असं दिसतंय. मी गेली २८ वर्षं हेच काम करतोय, लग्नात, प्रदर्शनात, सोसायटीच्या कार्यक्रमात माणूस समोर बसवायचा आणि सात-आठ मिनिटात त्याचा चेहरा कागदावर उतरवायचा, घरी बसून मासिकांची कामं करतो ती वेगळी. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, कारण या शब्दाचा अर्थ मला डिक्शनरीत सापडला तो वेगळा आणि टेबलावर बसून कळला तो वेगळा, आणि गंमत अशी की शेवटी दोन्ही एकच निघाले.

तर मूळ शब्द इटालियन, कारिकातूरा. तो आला कारिकारे या क्रियापदावरून आणि कारिकारे म्हणजे लादणं, भरणं, ओझं चढवणं. त्याच्याही मागे गेलात तर लॅटिन कार्रूस मिळतो, म्हणजे गाडा. हा शब्द रोमन लोकांनी गॉल लोकांकडून घेतला, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या जुन्या टोळ्यांकडून. गाड्यावर माल चढवणे यावरून नंतरच्या लॅटिनमध्ये क्रियापद तयार झालं आणि त्याचा वेल किती पसरलाय बघा, इंग्रजीतली कार त्यातलीच, जहाजातला कार्गो त्यातलाच, करिअर त्यातलं, आणि आपण रोज रात्री मोबाईल चार्जिंगला लावतो तो चार्जसुद्धा फ्रेंचमधून फिरून आलेला तोच शब्द. इटलीत आजही मोबाईल चार्ज करायला, बंदुकीत गोळी भरायला, घड्याळाला चावी द्यायला आणि ट्रकमध्ये पोती टाकायला सगळीकडे कारिकारेच म्हणतात. मला हे कळलं तेव्हा खूप आनंद झाला होता कारण चांगल्या कॅरिकेचरमध्ये हे सगळं असतं, ओझंही असतं आणि चावी दिलेला ताणही असतो.

म्हणजे कॅरिकेचरचा अर्थ झाला लादलेलं चित्र. फ्रेंच लोक अजूनही पोर्त्रे शार्जे म्हणतात, भार चढवलेलं व्यक्तिचित्र.

हा शब्द चित्रकलेत आला कसा ते सांगतो. इटलीत बोलोन्या शहरात कार्राची घराणं होतं, आन्निबाले, त्याचा भाऊ आगोस्तिनो आणि चुलतभाऊ लुदोविको. आन्निबाले कार्राची (१५६० ते १६०९) म्हणजे साधा माणूस नव्हे, रोममध्ये फार्नेसे महालाचं छत रंगवणारा मोठा चित्रकार. पण काम झाल्यावर तो ओळखीपाळखीच्या लोकांची छोटी छोटी वाढवून काढलेली चित्रं करायचा. त्याच्या रेखाचित्रांवरून केलेला एक एचिंगचा, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेल्या चित्रांचा, संच १६४६ साली रोममध्ये निघाला, त्यात बोलोन्यातले फेरीवाले आणि कष्टकरी लोक आहेत, आणि त्याच्या प्रस्तावनेत आन्निबालेच्या वाढवून काढलेल्या लहान चित्रांना 'लादलेली छोटी व्यक्तिचित्रं' अशा अर्थाचा शब्द वापरलाय. प्रस्तावनेतला विचार मला फार आवडतो. निसर्ग स्वतःच कधीतरी गंमत करतो, एखाद्याला लांबलचक नाक देतो, एखाद्याचं तोंड रुंद करतो, आणि चित्रकार निसर्गाचा तो हेतू ओळखतो आणि तो शेवटापर्यंत नेतो. सुंदर चेहरा काढणारा चित्रकार निसर्गाची सुंदरता पूर्णत्वाला नेतो तसा हा निसर्गाची विसंगती पूर्णत्वाला नेतो. चारशे वर्षांपूर्वीचा विचार आहे हा, आणि आजही नवीन पोरांना मी हेच सांगतो की तुम्ही मनाचं काही घालायचं नाही, जे आहे तेच पुढे न्यायचं.

काही लोक सांगतात की कार्राची या आडनावावरूनच कॅरिकेचर शब्द आला. तसं नाहीये, आवाज जुळतो एवढंच. स्पॅनिशमध्ये चेहऱ्याला कारा म्हणतात म्हणून तिकडून आला असंही कोणी कोणी लिहितात, तेही चूक. आणि लिओनार्दो दा विंचीने (१४५२ ते १५१९) काढलेली ती सुरकुतलेली, हनुवटी पुढे आलेली म्हाताऱ्यांची डोकी दाखवून हा पहिला कॅरिकेचरिस्ट असं म्हणायची पद्धत आहे, ती पण मला पटत नाही, कारण ती डोकी म्हणजे नमुने आहेत, ओळखीचा अमुक एक माणूस नाही. कॅरिकेचरला माणूस लागतो, नाव-गाव असलेला, आणि बघणाऱ्याने लगेच 'अरे हा तर तो!' म्हणायला लागतं, हे नसेल तर ते नुसतं विचित्र चेहऱ्याचं चित्र.

शब्द इटलीच्या बाहेर पडायला १६६५ साल उजाडलं. बर्निनी, तोच संगमरवरातून जिवंत माणसं काढणारा शिल्पकार, फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या बोलावण्यावरून पॅरिसला गेला आणि तिथल्या दरबारी लोकांना कॅरिकेचर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं, त्यांना तो शब्दच नवा होता. याच बर्निनीने म्हातारपणी पोप अकरावा इनोसंट याचं एक चित्र काढलंय, पोप पलंगावर पडलाय, डोक्यावर उंचच उंच टोपी, नाक पुढे, हातपाय काडीसारखे, अगदी नाकतोड्यासारखा दिसतो. मोजक्या रेषा आहेत. जिवंत पोपचं असं चित्र त्याच्याच नोकरीतला मूर्तिकार काढतो, याचा विचार केला की अंगावर काटा येतो. इंग्रजीत सर थॉमस ब्राउन या डॉक्टर-लेखकाच्या मृत्यूनंतर १७१६ साली छापलेल्या पुस्तकात हा शब्द इटालियन रूपातच सापडतो, आणि पुढे १७४३ साली लंडनच्या विल्यम होगार्थने एका छापील चित्रात शंभराच्या आसपास चेहरे दाटीवाटीने काढून दाखवलं की मी काढतो ते स्वभावाचे चेहरे, कॅरिकेचर वेगळं. त्याला कॅरिकेचरवाला म्हटलेलं आवडायचं नाही.

आता टेबलावर येऊ. लादणं म्हणजे काय लादायचं?

शिकायला लागलेलं प्रत्येक पोरगं हीच चूक करतं, मीही केलीय, नाक मोठं, कान मोठे, दात मोठे, डोकं मोठं आणि खाली बाहुलीएवढं अंग. सगळंच मोठं केलं तर मोठं काहीच राहत नाही, झूम केलेला फोटो होतो. गाड्यात माल भरताना सगळा एका बाजूला टाकला तर गाडा कलंडतो, आणि सगळीकडे सारखा पसरला तर ओझं दिसत नाही. कॅरिकेचरमध्ये गाडा मुद्दाम कलंडवायचा असतो पण पडू द्यायचा नसतो. नाकावर भार टाकला तर हनुवटीवरून तेवढाच काढून घ्यावा लागतो. कपाळ वाढवलं तर डोळे खाली सरकवून लहान करावे लागतात. चेहऱ्याची जागा तेवढीच आहे, एकाला दिलं तर दुसऱ्याचं कमी होणारच.

आणि कशावर टाकायचं हे नाक मोठं आहे की नाही यावर ठरत नाही. आपल्या डोक्यात एक सरासरी चेहरा असतो, आपण लहानपणापासून पाहिलेल्या हजारो चेहऱ्यांचा मिळून झालेला, आणि समोरचा माणूस त्या सरासरीपासून कुठल्या दिशेने सरकलाय ते शोधायचं. नाक मोठं असलं तरी नाक आणि ओठ यांच्यातलं अंतर लहान असेल आणि तीच त्या माणसाची खरी गोष्ट असेल तर ते अंतर अजून लहान करायचं, नाकाला हातसुद्धा लावायचा नाही. १९८२ साली अमेरिकेत सुसान ब्रेनन यांनी एमआयटीमध्ये याच तत्त्वावर कॉम्प्युटर प्रोग्रॅम केला होता, सरासरी चेहऱ्यापासूनचा फरक मोजायचा आणि तो वाढवायचा, एवढंच. १९८७ मध्ये गिलियन ऱ्होड्स, ब्रेनन आणि सुसान केरी यांनी ती चित्रं लोकांना दाखवून बघितली तर ओळखीच्या माणसाचं वाढवलेलं रेखाचित्र हे हुबेहूब रेखाचित्रापेक्षा लवकर ओळखलं गेलं. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे नवीन नाही, लग्नाच्या हॉलमध्ये लांबून येणारा काका 'हा आपला बाळू' म्हणतो ते अर्धवट झालेलं चित्र बघून म्हणतो, पण मोजून सिद्ध झालं याचं बरं वाटलं.

शाळेत अतिशयोक्ती अलंकाराला दमडीच्या तेलाचं उदाहरण असायचं आठवतंय का, त्यात घरातल्या सगळ्यांचं होऊन उरलेलं तेल सांडतं, वेशीपर्यंत ओघळ जातो आणि त्यात उंट पोहून जातो. ती अतिशयोक्ती कुणाच्याही घरच्या तेलाला लागू पडते. कॅरिकेचर फक्त वाढवणं असतं तर तेही तसंच झालं असतं. पण इथे उंट पोहायचा तर तो त्याच ओघळात पोहायला हवा जो त्या माणसाच्या चेहऱ्यावर आधीपासून वाहतोय.

आता मराठी शब्दाकडे येतो, आणि इथे मला आपल्या भाषेचा खरंच अभिमान वाटतो. अर्कचित्र. अर्क म्हणजे भट्टीवर उकळून, वाफ थंड करून थेंब थेंब गोळा केलेलं सार, ओव्याचा अर्क, पुदिन्याचा अर्क. शब्द अरबी आहे, अरक म्हणजे घाम, भांड्याच्या थंड बाजूला वाफेचे थेंब घामासारखे जमतात म्हणून. संस्कृतमध्येही अर्क आहे पण तो सूर्य किंवा मारुतीला वाहतो ती रुई, दिसायला एक असले तरी दोन्ही शब्द वेगळ्या घरचे. आणि मराठीत अजून एक अर्थ आहे जो दुसरीकडे ऐकलेला नाही, आपण म्हणतो 'ते कार्टं म्हणजे अर्क आहे अगदी'. म्हणजे काय, तर बेरकीपणा उकळून उकळून शिल्लक राहिलेला माणूस. माणसालाच अर्क म्हणणाऱ्या भाषेत या कलेला अर्कचित्र हा शब्द मिळावा यापेक्षा चांगलं काय असणार.

बघा म्हणजे, इटालियन माणूस म्हणतो लादा, मराठी माणूस म्हणतो गाळा. एक चढवायला सांगतो, एक आटवायला. बरीच वर्षं मला वाटायचं यातला एक शब्द चुकीचा असणार. मग एकदा एक बाई आल्या, वडील वारले होते, त्यांच्याकडे एकच पासपोर्ट साइझ फोटो, त्यातही ते गृहस्थ कॅमेऱ्याला घाबरल्यासारखे ताठ. त्या फोटोत मोजायला सगळं होतं, नाक, कान, कपाळ, पण माणूस नव्हता. मी त्यांना म्हटलं बाबा पेपर कसे वाचायचे ते करून दाखवा. त्यांनी लगेच हनुवटी छातीला टेकवली, मान थोडी डावीकडे, आणि चष्म्याच्या वरून असं बघितलं की मला ते गृहस्थ समोर दिसले. मग मी फोटोतलं जवळपास सगळं सोडून दिलं, गाल सोडले, केस सोडले, कान नावापुरते ठेवले, उरली ती हनुवटी, चष्मा आणि वरून येणारी नजर, आणि जेवढा भार टाकायचा तेवढा या तीन गोष्टींवर टाकला. त्या दिवशी कळलं की दोन्ही शब्द एकाच कामाबद्दल बोलतायत, आधी आटवायचं आणि मग जे उरलं त्याच्यावर लादायचं. न आटवता लादलं तर झूम केलेला फोटो होतो, आणि आटवून नुसतं ठेवलं तर चांगलं स्केच होतं पण त्याला चावी दिलेली नसते.

आता व्यंगचित्र या शब्दाबद्दल, तो जास्त रुळलाय पण त्याने घोटाळाही बराच केलाय. हिंदीवाले व्यंग्यचित्र लिहितात, य लावून. व्यंग्य म्हणजे सूचित अर्थ, शब्दात उघड न सांगता जो कळतो तो, संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाच्या ध्वनिसिद्धांतातला हा शब्द आहे, व्यंजनेने मिळणारा अर्थ. मराठीत आपण व्यंग लिहितो, आणि व्यंग म्हणजे वि अधिक अंग, शरीरातला दोष, उणीव. एका य ने केवढा फरक पडतो! एक शब्द सांगतो सुचवा, दुसरा वाचून माणसाला वाटतं दोष दाखवा. आणि खूप लोक, काढणारे आणि काढून घेणारे दोघेही, या कलेकडे दोष दाखवण्याची कला म्हणूनच बघतात. समोर बसायला लाजणाऱ्या बायका मला हेच म्हणतात, 'नको बाई, काहीतरी वेडंवाकडं काढतील.'

मी स्वतः हे चुकलोय. सुरुवातीची वर्षं होती, गणपतीतला कार्यक्रम, बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा समोर बसला, त्याच्या वरच्या ओठाचं लहानपणी ऑपरेशन झालेलं होतं आणि तिथे व्रण होता. पहिल्यांदा दिसलं ते तेच, मी तेच धरलं आणि तेच वाढवलं. चित्र हातात दिलं तर त्याने बघितलं आणि दुसरा हात तोंडावर ठेवला. आई छान आहे म्हणाली आणि ते गेले. त्या मुलाचा तो हात मी विसरू शकलेलो नाही. नंतर घरी आठवायला बसलो तेव्हा लक्षात आलं की तो ऐकताना एक भुवई उचलायचा, मग ती खाली आली की दुसरी, अख्खं पोरगं त्या दोन भुवयांत होतं आणि मी ते बघितलंच नाही कारण मी व्यंग शोधत होतो, अर्क नाही. व्रण त्याला झालेला होता, भुवया त्याच्या स्वतःच्या होत्या. तेव्हापासून माझा नियम हाच आहे, माणसावर आलेलं काही लादायचं नाही, माणसातून येतं ते लादायचं. राजकारण्यांनाही मी हाच नियम लावतो, कुणाला आवडो न आवडो.

याचा अर्थ कॅरिकेचर गोड असावं असा अजिबात नाही. फ्रान्समध्ये १८३० च्या क्रांतीनंतर लुई फिलिप राजा झाला, वर निमुळतं डोकं, खाली सुटलेले गाल. शार्ल फिलिपॉं या साप्ताहिकवाल्यावर राजाचा अपमान केला म्हणून नोव्हेंबर १८३१ मध्ये खटला चालला, तेव्हा त्याने कोर्टातच चार चित्रं काढली, पहिलं राजाचं, मग थोडं साधं, मग अजून साधं, चौथं चक्क पेर या फळाचं. आणि विचारलं की पहिलं राजासारखं दिसतं म्हणून शिक्षा देणार असाल तर दुसरं पहिल्यासारखं आहे, तिसरं दुसऱ्यासारखं, मग पेरलाही शिक्षा देणार का? फ्रेंच बोलीत या फळाच्या नावाचा बावळट असाही अर्थ होतो हे लक्षात घ्या. त्याला सहा महिने कैद आणि दोन हजार फ्रँक दंड झाला, पण नंतर राजाला पेरपासून सुटका मिळालीच नाही, पोरं भिंतींवर पेर काढायला लागली. पुढच्या वर्षी ओनोरे दोमिए यालाही राजाला अधाशी राक्षस दाखवल्याबद्दल तुरुंगात टाकलं. त्या चार चित्रांत आटवणं आणि लादणं इतकं स्वच्छ दिसतं की मी शिकवताना सगळ्यात आधी तीच फळ्यावर काढतो.

आपल्याकडे बघायचं तर बाळासाहेब ठाकरे यांची रेषा बघा, ते फ्री प्रेस जर्नलमध्ये होते, १९६० साली त्यांनी मार्मिक काढलं, डेव्हिड लो या ब्रिटिश चित्रकाराचा प्रभाव ते स्वतः सांगायचे. ब्रशचा जोर असा की चेहरा दोन फटकाऱ्यांत उभा राहतो. साप्ताहिकाचं नावही बघा, मार्मिक, मर्मावर बोट ठेवणारं, म्हणजे पुन्हा अर्काचाच भाऊ. आर. के. लक्ष्मण यांच्या इंदिरा गांधी आठवा, नाक आणि केसातली पांढरी बट एवढ्यावर ओळख पटते. आणि टिळक काढायचे म्हटले की पगडी, मिशा, उपरणं काढून लोक मोकळे होतात, पण पगडीखाली कुणाचाही चेहरा ठेवला तरी ते टिळकच वाटतात, तर मग अर्क पगडीत आहे, चेहऱ्यात नाही. विद्यार्थ्यांना मी पगडीशिवाय टिळक काढायला लावतो. फार अवघड जातं, पण त्या रोखून बघणाऱ्या डोळ्यांपर्यंत पोरं पोचतात.

कार्टून या शब्दाचाही खुलासा करून टाकतो कारण लेखात गोंधळ होईल. तोही इटालियनच, कार्तोने म्हणजे जाड मोठा कागद, भिंतीवर चित्र काढण्याआधी त्याच्यावर पूर्ण मापाचा कच्चा आराखडा करायचे. लंडनच्या पार्लमेंटच्या नव्या इमारतीत भित्तिचित्रं करायची होती, त्यांच्या कच्च्या आराखड्यांचं १८४३ साली प्रदर्शन भरलं आणि पंच साप्ताहिकाने त्याची टर उडवत जॉन लीचचं चित्र कार्टून म्हणून छापलं, तिथून विनोदी चित्राला तो शब्द चिकटला. म्हणजे कार्टून हे कागदाचं नाव आणि कॅरिकेचर हे कृतीचं. कार्टूनमध्ये कॅरिकेचर असू शकतं, नसूही शकतं. शि. द. फडणीसांच्या हास्यचित्रात ओळखीचा माणूस कोणीच नसतो, तिथे प्रसंगाची गंमत असते, त्याला कॅरिकेचर म्हणणं चूक.

त्यामुळे लेखात असं लिहा, एका ठराविक माणसाचा चेहरा किंवा ढब वाढवून काढली असेल तर अर्कचित्र, राजकीय-सामाजिक टिप्पणी असेल तर व्यंगचित्र, नुसत्या प्रसंगावर हसवणारं असेल तर हास्यचित्र. आणि नाटकाच्या परीक्षणात 'त्याने भूमिकेचं कॅरिकेचर केलं' असं वाचलंत तर तिथे तो शब्द शिवी म्हणून वापरलेला असतो, नटाने न आटवताच लादलं एवढाच त्याचा अर्थ, ते आमच्या कामाचं नाव नाही, तेवढं वाक्य लेखात घेऊ नका.